पाच अंकी संख्या आणि तीन वाटा

पत्र: मॅडम, मी सांगलीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मुख्य विषय गणित, जोडीला भौतिकशास्त्र. तासगाव तालुक्यातल्या गावाहून रोज एसटीनं ये-जा करते. वडिलांची दोन एकर द्राक्षबाग आहे आणि बागेवर सोसायटीचं कर्ज आहे. मला पुढं संशोधन करायचंय, पण कशात ते ठरत नाही. माझा जीव शुद्ध गणितात आहे, त्यातही नंबर थिअरीत, म्हणजे संख्यांच्या गुणधर्मांत. मामा म्हणतात, सेमीकंडक्टरचं भौतिकशास्त्र घे, आता देशात चिपचे कारखाने येताहेत. दादा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो, कॉम्प्युटर नेटवर्कमध्ये कर, गणित तिथंही लागतं आणि उपाशी राहणार नाहीस. मार्चमध्ये बेदाण्याच्या शेडवर राखणीला बसले असताना मी कापरेकरांचा ६१७४ चा प्रकार (संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून पुन्हा पुन्हा वजाबाकी करायचा) पाच अंकी संख्यांवर करून पाहिला. अकरा पानं भरली, पण उत्तर एका संख्येवर येऊन थांबतच नाही, त्याच त्या संख्या फिरून येतात. कुठंतरी चुकतंय. एवढंही जमत नसेल तर मी संशोधनाच्या नादाला लागावं का? वहीच्या दोन पानांची झेरॉक्स जोडली आहे.

उत्तर: पोरी, बाकी सगळं नंतर. आधी हे वाच: तू चुकलेली नाहीस.

तुझं पत्र आलं त्या रात्री जेवणं आवरल्यावर मी कागद घेऊन बसले. तू १२३४५ पासून सुरुवात केली आहेस. अंक उतरत्या क्रमानं लावले की ५४३२१, चढत्या क्रमानं १२३४५, वजाबाकी ४१९७६. पुढं ८२९६२, मग ७५९३३, ६३९५४, ६१९७४ आणि परत ८२९६२. इथं तू लाल पेनानं गोल करून बाजूला ‘चूक?’ असं लिहिलंयस. माझंही तेच आलं. दुसऱ्या पानावर ६२९६४, ७१९७३, ८३९५२ आणि ७४९४३ या चौघी अशाच फेर धरून आहेत. त्याही मी ताडून पाहिल्या, बरोबर आहेत. चार अंकी संख्यांना जशी ६१७४ ही एकच थांबायची जागा आहे, तशी पाच अंकी संख्यांना नाहीच. त्या चक्रात शिरतात आणि तिथंच फिरत राहतात. तू शोधलंस ते आधीपासून लोकांना माहीत आहे हे खरं, पण तू ते कुणाचं न वाचता, शेडवरच्या कंदिलाच्या किंवा मोबाइलच्या उजेडात काढलंस.

इतर वाचकांसाठी थोडं सांगते. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. १९४७ घेऊ. ९७४१ वजा १४७९ म्हणजे ८२६२. त्याचेच अंक पुन्हा लावून ८६२२ वजा २२६८, ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, ३०८७. ८७३० वजा ०३७८, ८३५२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. इथून पुढं कितीही वेळा करा, ७६४१ वजा १४६७ हे पुन्हा ६१७४ च. कुठूनही निघालात तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथं येता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी हे १९४९ मध्ये दाखवलं. जन्म डहाणूचा, नोकरी देवळालीच्या शाळेत शिक्षकाची, १९६२ मध्ये निवृत्त. गणितात पदव्युत्तर शिक्षण नव्हतं. आज ६१७४ ला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

आता तुझ्या अकरा पानांत नसलेली एक गोष्ट दाखवते. चार अंक मोठ्यापासून लहानाकडं अ, ब, क, ड असे लाव. मोठ्या संख्येतून उलटी संख्या वजा केलीस की उरतं ९९९ गुणिले (अ वजा ड), अधिक ९० गुणिले (ब वजा क). स्वतः करून बघ, दोन ओळींचं काम आहे. वरच्या १९४७ वर लाव: ९ वजा १ आठ, ७ वजा ४ तीन, म्हणजे ७९९२ अधिक २७०, ८२६२. म्हणजे चार अंक कुठले हे त्या वजाबाकीला ठाऊकच नसतं, तिला दोन फरक तेवढे दिसतात. पहिला फरक १ ते ९ मधला, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. मोजलंस तर २ अधिक ३ अधिक ४ असं करत १० पर्यंत, एकूण ५४ जोड्या. जवळपास दहा हजार संख्यांचा ढीग ५४ जोड्यांवर आला. त्या ५४ एका दुपारी हातानं तपासून होतात, आणि त्या तपासल्या की ‘मी पुष्कळ संख्या करून पाहिल्या, सगळ्या ६१७४ वर आल्या’ हे वाक्य संपतं आणि ‘सगळ्या येतातच’ हे वाक्य सुरू होतं. तू आत्ता पहिल्या वाक्यावर उभी आहेस. गणितातलं संशोधन दुसऱ्या वाक्यापाशी सुरू होतं. एका वाक्यावरून दुसऱ्यावर जायला काही जणांना एक दुपार लागते, काही जणांना आयुष्य.

ही दोन ओळींची युक्ती तुला सुचली नाही याचं मला काही वाटत नाही, ती शिकवता येते. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तिसऱ्या पानावर तुला वाटलं की चुकलं. तरी तू आठ पानं आणखी भरलीस. चुकतंय असं समजून, कुणी विचारणारं नसताना, मार्चच्या उन्हाळ्यात. छत्तीस वर्षं मी वर्गावर होते. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवणारी मुलं मी पुष्कळ पाहिली, पण उत्तर येत नसताना त्याच पानापाशी बसून राहणारी बोटावर मोजण्याइतकी. संशोधनात वर्षातले अकरा महिने उत्तर आलेलं नसतं. त्यामुळं तीन वाटांपैकी कुठली, हे मी एवढ्यावरूनच ठरवायला सांगेन: कुठल्या विषयात अडकून पडणं तुला सोसतं? प्रत्येक विषयात अडकायची तऱ्हा निराळी असते, आणि ती बाहेरून दिसत नाही. मामांना आणि दादाला ती दिसायचं कारणच नाही.

सेमीकंडक्टरपासून सुरू करते, कारण ते माझं घर. मी एम.फिल.ला कॅडमियम सल्फाइडच्या पातळ फिल्म बनवत होते. एवढी मोठी प्रयोगशाळा डोळ्यांपुढं आणू नकोस. बीकर, त्याखाली गरम पाण्याचं पातेलं, थर्मामीटर आणि धुऊन पुसून ठेवलेल्या काचपट्ट्या. बीकरमध्ये कॅडमियमचा क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया. सत्तर-ऐंशी अंशांवर पाणी आलं की आधी काहीच दिसत नाही, मग बघता बघता पाणी पिवळं होत जातं. काचपट्टी बाहेर काढून धुतली की तिच्यावर झेंडूच्या रंगाचा पारदर्शक थर बसलेला असतो, केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ. हिवाळाभर माझ्या फिल्म सुरेख आल्या. एप्रिल उजाडला आणि काचेवर नुसती पावडर बसायला लागली, बोट फिरवलं की निघून येणारी. मी काचा नव्यानं धुतल्या, पाणी बदललं, थर्मामीटर बदलला, थायोयुरिया बदललं. दोन महिने गेले. घरी कुणाला सांगताही येईना की मी काय करतेय. शेवटी लक्षात आलं ते असं: अमोनियाची बाटली खिडकीशी ठेवलेली, बूच नीट न बसणारं. उन्हाळ्यात अमोनिया उडून द्रावण पातळ झालं होतं. अमोनिया कॅडमियमचे आयन धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो, म्हणून थर काचेवर हळूहळू वाढतो. त्याची धार गेली की सगळं एकदम सुटतं आणि बीकरमध्येच पावडर होऊन बसतं. बूच मीच नीट पाहिलं नव्हतं. (कॅडमियम विषारी आहे. आम्ही त्या काळी हातमोज्यांबाबत जितके ढिले होतो तितकं कुणीही राहू नये.)

ते दोन महिने मला आज आठवतात ते आनंदानं आठवतात. काहीतरी हाताशी होतं, वास होता, रंग होता, रोज एक गोष्ट बदलून बघता येत होती. तू स्वतःला विचार: प्रॅक्टिकलच्या तासाला फोर प्रोबचं (पदार्थाचा विद्युतरोध मोजायच्या प्रयोगाचं) रीडिंग रेषेवर बसत नसेल तर तू तारा सोडवून पुन्हा जोडतेस, की सरासरी काढून जर्नल सहीला देतेस? तुझ्या पत्रात एकही उपकरण नाही, एकही प्रयोग नाही. भौतिकशास्त्र तू नीट शिकतेस, पण त्यात तू अडकून पडल्याची खूण मला दिसली नाही.

मामा चुकीचं सांगत नाहीत, पण त्यांनी दोन गोष्टी एकात घातल्यात. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रानं सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर केली, साणंदला आणि ढोलेऱ्याला कामं सुरू झाली, हे खरंच आहे. पण तिथं लागणारी माणसं बहुतेक डिझाइनची, प्रोसेसची, पॅकेजिंग-टेस्टिंगची, म्हणजे इंजिनिअर आणि डिप्लोमावाले. ती चांगली कामं आहेत. सेमीकंडक्टरचं भौतिकशास्त्र हा मात्र निराळा उद्योग. सिलिकॉनच्या पाच कोटी अणूंमागं फॉस्फरसचा एक अणू मिसळला की त्याची विजेची वाहकता हजारो पटींनी वाढते. एवढ्याशा भेसळीनं एवढं का होतं, दुसऱ्या कुठल्या पदार्थात आणखी काय होईल, हे विचारणारा तो विषय आहे. आणि त्यात नशीब फळायला कधीकधी दशकं लागतात. निळा एलईडी बनत नव्हता, कारण गॅलियम नायट्राइडचा चांगला स्फटिकच वाढेना. जपानमध्ये अकासाकी आणि अमानो त्याच्या मागं लागले. तिकडं नाकामुरा शिकोकू बेटावरच्या तालुक्यासारख्या गावात, एका छोट्या कंपनीत, त्याच पदार्थावर काम करत होते, तेही बहुतेक लोक दुसऱ्या पदार्थाकडं वळलेले असताना. १९९३ मध्ये झगझगीत निळा दिवा आला, २०१४ मध्ये तिघांना नोबेल मिळालं. तुमच्या बागेतल्या शेडवरचा पांढरा एलईडी त्या निळ्यावरूनच झालाय. तुला हाच विषय घ्यायचा असता तर मी म्हटलं असतं, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पातळ फिल्मचं काम पुष्कळ वर्षांचं आहे, आधी तिथं जाऊन एक दिवस नुसती उभी राहा. आणि मोठी यंत्रं नाहीत म्हणून घाबरू नको, आयआयटी मुंबई आणि बंगळूरची आयआयएससी बाहेरच्या संशोधकांनाही आपल्या नॅनो प्रयोगशाळा वापरू देतात, त्यासाठी सरकारी योजना आहे.

आता दादाचं नेटवर्क. लोकांना वाटतं नेटवर्क म्हणजे केबल टाकणं नाहीतर राउटर बसवणं. त्यातलं संशोधन काय असतं ते तुला साखर कारखान्याच्या यार्डात उभं राहून कळेल. हंगामात यार्डात ३०० ट्रॉल्या उभ्या आहेत आणि तासाला २० ट्रॉल्या गव्हाणीत रिकाम्या होतात. आत्ता आलेल्या ट्रॉलीला किती थांबावं लागेल? १५ तास. यामागचा नियम जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला: रांगेतली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले सरासरी थांबणं. ट्रॉली असो, दवाखान्यातला पेशंट असो की इंटरनेटवरचं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, नियम तोच. समजा कारखान्यानं यार्ड दुप्पट मोठं केलं. रांग रस्त्यावर येणार नाही, बघायला बरं वाटेल. पण गाळप वाढलेलं नाही, त्यामुळं ऊस आता दुप्पट वेळ उभा राहून वाळणार आणि वजनात घट येणार. अगदी हेच राउटरमध्ये झालं. मेमरी स्वस्त झाली म्हणून कंपन्यांनी मोठमोठे बफर, म्हणजे पॅकेटांना थांबायच्या जागा, घातले आणि त्यातून थांबणं वाढलं. ही गोष्ट नीट ओळखून तिला नाव मिळायला २०१० चा सुमार उजाडला.

त्याआधीची गोष्ट तर आणखी सुंदर आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलेला दोन संस्था एकमेकींपासून साधारण ३६५ मीटरांवर होत्या, हाक मारली तर ऐकू जावी इतक्या. त्यांच्यामधल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. तार तुटली नव्हती, यंत्र बिघडलं नव्हतं. रांग भरली की पॅकेटं गळत होती, ती गळली की पाठवणारा तीच पुन्हा पाठवत होता, त्यानं रांग आणखी भरत होती. सगळे सभ्यपणे आपापलं काम करत होते आणि मिळून सगळं ठप्प. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला: एक पॅकेट गळलं की पाठवणाऱ्यानं स्वतःहून वेग निम्म्यावर आणायचा आणि मग हळूहळू वाढवायचा. तोड टोळीला यार्ड भरल्याचा निरोप गेला की तिनं फडातच कोयता थांबवावा तसं. त्या उपायाची मुलं-नातवंडं आजही प्रत्येक मोबाइलमध्ये आहेत.

दादा खरं सांगतो, इथं गणित लागतं आणि नोकरीही मिळते. पण इथं अडकणं असं: तुझं मॉडेल सांगतं दहा मिलिसेकंद, मोजलं तर चाळीस येतात, आणि तीस कुठं गेले ते शोधण्यात तीन आठवडे जातात. कधी कुणाच्या जुन्या कोडमधली एक ओळ निघते. शिवाय जमीन सारखी सरकते. ज्या यंत्रणेवर तू काम केलंस ती सहा वर्षांनी वापरात नसते. पुष्कळांना हाच वेग आवडतो. तुला आवडतो का, ते बघायला पैसे लागत नाहीत. जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारं वायरशार्क आणि एकाच कॉम्प्युटरवर खोटं नेटवर्क उभं करणारं मिनीनेट फुकट आहेत, कॉलेजच्या लॅबमधल्या साध्या कॉम्प्युटरवर चालतात. मिनीनेटमध्ये तीन-चार खोटे कॉम्प्युटर जोड, मधल्या दुव्याचा बफर वाढवत जा आणि थांबणं मोजून आलेख काढ. दोन शनिवार-रविवार दे. सोमवारी एसटीत बसल्यावर डोक्यात तेच फिरत असेल तर मला कळव, मग माझं मत बदलेल.

आणि गणित. इथं मला तुला थोडं नाराज करावं लागेल. ६१७४ वर पीएचडी होत नाही. कापरेकरांचा मला मनापासून आदर आहे, पण त्यांच्या हयातीत आपल्याकडच्या पुष्कळ गणितींनी त्यांचं काम करमणूक म्हणून बाजूला ठेवलं, आणि आजही संशोधनसंस्थांतली नंबर थिअरी वेगळ्याच रानात आहे. तिथं पोचायला ग्रुप, रिंग, फील्ड, मग गॅल्वा सिद्धांत, कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस, मेझर हे सगळं अंगात मुरावं लागतं, आणि त्यात दोन-तीन वर्षं स्वतःचं असं काही निघत नाही. शेडवरची ती मजा या काळात मिळेलच असं नाही. काही चांगली मुलं याच टप्प्यावर सुटतात, कारण त्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं. म्हणून मी सांगून ठेवते.

इथलं अडकणं एकट्याचं असतं. बीकर नाही, आलेख नाही. सकाळी एक वाक्य सिद्ध करायला घ्यायचं, संध्याकाळी ते खोटं आहे असं वाटायचं, दुसऱ्या दिवशी ते खोटं आहे हेही सिद्ध होत नाही. घरचे विचारतात आज काय केलंस, आणि दाखवायला काही नसतं. तुझी अकरा पानं म्हणजे नेमकं हेच आहे. तुला ते सोसलं एवढंच नाही, बाग आणि कॉलेज सांभाळून तू त्याची झेरॉक्स काढून मला पाठवलीस. माझं मत गणिताला आहे, आणि मी ते भीतभीत देत नाही.

‘याचा उपयोग काय’ हे मामा विचारणारच. त्यांना एक उदाहरण दे. ऑयलरनं १८व्या शतकात भागाकारातल्या बाकीबद्दल एक प्रमेय सिद्ध केलं. दोनशे वर्षं त्याचा बाजारात काही उपयोग नव्हता. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि अ‍ॅडलमन या तिघांनी त्यावर गुप्तलेखनाची पद्धत उभी केली. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण गुणाकारावरून त्या दोन परत काढणं फार अवघड, एवढ्या आधारावर. इंटरनेटवरचे पैशाचे व्यवहार सुरक्षित झाले त्यात त्या पद्धतीचा मोठा वाटा आहे. दादाच्या नेटवर्कला कुलूप लागलं ते तुझ्या विषयातून. पण हे उदाहरण मामांसाठी. तू स्वतः याच्या भरवशावर गणितात जाऊ नकोस, कारण तुझ्या प्रमेयाला उपयोग सापडेल की नाही याची काही हमी नाही आणि तुला ते सहन झालं पाहिजे.

कर्जाचं तू एकाच ओळीत लिहिलंयस, पण ते पत्रभर जाणवतं, म्हणून पैशाचं स्पष्ट बोलू. एम.एस्सी. दोन वर्षं. पीएचडीला नियमानं तीन ते सहा, गणितात पाच धर. सीएसआयआर-नेट या देशपातळीवरच्या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढं ४२,०००, वर घरभाडं. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. त्यात तुझं भागेल आणि थोडे घरीही जातील. म्हणजे घराला ओढ बसेल ती खरी एम.एस्सी.च्या दोन वर्षांत. त्यासाठी राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची शिष्यवृत्ती आहे, तिची परीक्षा दे. पुढं पीएचडीच्या फेलोशिपसाठी राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांपैकी जी तुला लागू असेल तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेव. हा सगळा हिशेब एका कागदावर मांड, फी, मेस, प्रवास, काय येणार आणि कधी येणार, आणि तो कागद वडिलांपुढं ठेव. फवारणीचा न् खताचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला आकडे कळतात. ‘मला संशोधन करायचंय’ या वाक्यापेक्षा त्यांना तो कागद जवळचा वाटेल.

त्यापुढची नोकरी अवघड आहे, हे मी झाकून ठेवणार नाही. आपल्या भागातल्या कॉलेजांत पीएचडी झालेली माणसं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबताहेत, माझेच काही विद्यार्थी आहेत. म्हणून पीएचडी कुठं आणि कुणाकडं करतेस याला विषयापेक्षाही जास्त वजन आहे. गाइड निवडताना त्यांचे गेल्या पाच वर्षांतले पेपर बघ. झेडबीमॅथ ही गणिताच्या पेपरांची ऑनलाइन सूची आता सगळ्यांना मोफत आहे, त्यावर नाव टाकलं की दिसतात, आणि अर्काइव्ह (arXiv) या वेबसाइटवर मूळ पेपर वाचायला मिळतात. त्यांच्याकडचे आधीचे विद्यार्थी आज कुठं आहेत ते विचार. पैसे भरले की आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलची नावं कुणी सुचवली, मग तो कितीही आपला माणूस असो, तिथून उठून ये. गणितात दोन वर्षांत एक खरा पेपर झाला तरी कुणी तुला कमी समजत नाही.

लग्नाचं तू लिहिलं नाहीस. एम.एस्सी. संपता संपता घरात विषय निघेल. तेव्हा हातात फेलोशिपचं पत्र असेल तर बोलणं वेगळ्या सुरात होतं, हे मी माझ्या तीन विद्यार्थिनींच्या बाबतीत जवळून पाहिलंय.

आता लगेचची कामं. जॅमचे, म्हणजे आयआयटी वगैरेंच्या एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेचे अर्ज सप्टेंबरच्या सुमाराला निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. गणितासाठीच बस, भौतिकशास्त्राच्या पेपरात जीव वाटू नकोस. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट यांच्या परीक्षा वेगळ्या असतात, त्यांच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. कोल्हापूरचा अर्जही भर, घराजवळची जागा हाताशी असू दे. आणि एमटीटीएसला नक्की अर्ज कर. १९९३ पासून चालू असलेलं उन्हाळी गणित शिबिर आहे, साधारण चार आठवड्यांचं, तुमच्यासारख्या लहान कॉलेजांतल्या मुलांना डोळ्यांपुढं ठेवूनच सुरू केलेलं. तिथं फळ्यापाशी उभं करतात आणि ‘का?’ विचारतात. तुझ्यासारख्याच वह्या भरणाऱ्या पंधरा-वीस पोरी तिथं भेटतील, आणि मला वाटतं तुला सध्या सगळ्यात जास्त गरज त्याची आहे. तासगाव-सांगली एसटीत ६१७४ वर बोलायला कोण मिळणार?

तोवर एक काम माझ्याकडून. पाच अंकी संख्येला अ, ब, क, ड, इ असे अंक दे आणि वरचीच वजाबाकी कर. मधला अंक कुठं जातो ते बघ. जोड्या किती उरतात ते मोज, तुला गंमत वाटेल. मग त्या प्रत्येक जोडीपासून निघून ती शेवटी कुठल्या चक्रात शिरते याचा तक्ता कर. तुझ्या पानांवर दोन चक्रं आहेत. एकूण तीन आहेत, आणि तिसरं दोनच संख्यांचं आहे. ते मी मुद्दामच सांगत नाही. सापडलं की पाठव. वहीचं पान फाडू नकोस, झेरॉक्सच काढ.